साथरोगनिवारण आणि भ्रष्टाचार, बीड जिल्ह्यातील

साथरोगनिवारण आणि भ्रष्टाचार, बीड जिल्ह्यातील : सार्वजनिक अधिकाराचा खाजगी लाभासाठी केलेला गैरवापर म्हणजे भ्रष्टाचार, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. साथीच्या काळात या गैरवापराचे स्वरूप काहीसे बदलते. एरवी शासकीय खर्चावर जे निर्बंध असतात ते तातडीच्या कारणास्तव सैल करावे लागतात. औषधे, प्राणवायू, खाटा यांची टंचाई पडते. आणि ज्याच्या हाती वाटपाचा वा परवान्याचा अधिकार असतो त्याचे महत्त्व एकाएकी वाढते. रॉबर्ट क्लिटगार्ड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये असे सूत्र मांडले, की मक्तेदारी आणि स्वेच्छाधिकार यांच्या बेरजेतून उत्तरदायित्व वजा केले असता उरतो तो भ्रष्टाचार. साथीत पहिल्या दोन राशी वाढतात व तिसरी घटते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रस्तुत विषयाचा गाभा ध्यानात येतो. बीड जिल्ह्यातील कोव्हिड-१९ च्या साथीचा (२०२०–२२) अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मात्र तेथील प्रत्येक उणीव भ्रष्टाचारातूनच निर्माण झाली असे मानता येत नाही. दारिद्र्य, अपुरी साधने, प्रशासकीय ढिलाई आणि प्रत्यक्ष अपहार या चार गोष्टी परस्परांत इतक्या गुंतलेल्या असतात, की त्या वेगळ्या करणे हेच या विषयातील खरे अवघड काम आहे.

पूर्वपीठिका : साथ व शासकीय सत्ता यांचा संबंध महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसला तो १८९६ च्या मुंबईतील व १८९७ च्या पुण्यातील प्लेगमध्ये. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेल्या साथरोग अधिनियमाने शासनास घरझडती, विलगीकरण, प्रवाशांची तपासणी यांविषयीचे व्यापक अधिकार मिळाले. त्याच अधिनियमाच्या चौथ्या कलमान्वये सद्‌भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणत्याही व्यक्तीविरुद्ध दावा चालविता येत नाही. या अधिकारांचा धाक दाखवून पैसे उकळण्याचे प्रकार त्या काळीही घडले. रुग्णालयात वा छावणीत पाठविण्याची भीती घालून पोलीस शिपाई व तोतये तपासनीस लोकांकडून पैसे घेत. अशा तक्रारी सिद्ध करणे किती कठीण असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांचे. पुण्यातील तपासणीच्या वेळी सैनिकांकडून झालेल्या अत्याचारांविषयी त्यांनी १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये जाहीर आरोप केले. परंतु परतल्यावर माहिती देणारे कोणीही पुढे येण्यास तयार होईनात आणि गोखल्यांना क्षमायाचना करावी लागली. हा आरोप लाचेचा नव्हता, तरी साथीतील तक्रारदाराची अवस्था त्यातून कळते. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच हाती आपल्या घरच्या माणसाचे विलगीकरण असते [→ प्लेग].

बीड जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर तो भारतात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यामुळे मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकापासून वाढत गेलेली नगरपालिका, दवाखाने व आरोग्याधिकारी यांची परंपरा या भागास उशिरा लाभली. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय ही जिल्ह्यातील सर्वांत मोठी आरोग्यसंस्था होय.

महाराष्ट्रात औषधखरेदीतील भ्रष्टाचाराचे गंभीर परिणाम १९८६ मध्ये दिसून आले. त्या वर्षाच्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले. या द्रव्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती बी. लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादाराची निवड, औषधाची तपासणी व अन्न आणि औषध प्रशासनाचा कारभार यांतील साखळी उघड केली. ही साथ नव्हती. परंतु खरेदीच्या टेबलावरील व्यवहार व रुग्णाच्या खाटेवरील मृत्यू यांच्यामधील अंतर किती अल्प असते, हे लेंटिन आयोगाइतके स्पष्टपणे महाराष्ट्रात क्वचितच मांडले गेले असेल.

जिल्ह्याची परिस्थिती : बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १०,६९३ चौ. किमी. असून लोकसंख्या २५,८५,०४९ (२०११) आहे. उत्तरेस गोदावरी व मध्यातून गेलेली बालाघाटाची रांग यांमुळे जिल्ह्याचे सखल, सुपीक गंगथडी आणि उंच, खडकाळ प्रदेश असे दोन भाग पडतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या डोंगराळ तालुक्यांत पाऊस कमी व बेभरवशाचा असतो. दिवाळीच्या सुमारास लक्षावधी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पतिपत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ फेडीपर्यंत मजूर बांधलेला असतो. वर्षाचे पाच-सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या या लोकांची नावे गावच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत असतात, परंतु माणसे नसतात. आणि जेथे माणसे असतात त्या साखर कारखान्याच्या परिसरातील नोंदवहीत त्यांची नावे नसतात.

या परिस्थितीत खाजगी वैद्यकाचे स्थान मोठे होते व त्यावरील नियंत्रण दुबळे राहिले. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ०–६ वयोगटातील मुलींचे दर हजार मुलग्यांमागील प्रमाण २००१ मधील ८९४ वरून २०११ मध्ये ८०७ पर्यंत खाली आले. राज्यात ते सर्वांत कमी होते. परळी येथील गर्भलिंगनिदान व गर्भपाताचे प्रकरण २०१२ मध्ये उघडकीस आले आणि त्यातील डॉक्टरास २०१९ मध्ये शिक्षा झाली. जामिनावर सुटलेल्या याच व्यक्तीने सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत, परवाना नसताना परळीजवळ रुग्णालय चालविल्याचे आरोग्य विभागाच्या छाप्यात आढळले. कायदा, न्यायालय, शिक्षा ही सर्व यंत्रणा कार्यरत होऊनही पाटी पुन्हा लागते, ही बाब नियामक संस्थांच्या स्थितीविषयी पुष्कळ सांगून जाते.

साथीचा प्रारंभ व स्थलांतरित : राज्यातील पहिले कोव्हिड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुणे येथे आढळले, १३ मार्च रोजी साथरोग अधिनियम लागू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. त्या वेळी ऊसतोड मजूर अद्याप कारखान्यांच्या परिसरातच होते. लाखाहून अधिक मजूर अडकून पडले. १७ एप्रिलच्या शासकीय आदेशाने वैद्यकीय तपासणीनंतर त्यांना गावी पोहोचविण्यास अनुमती मिळाली. तपासणीचा दाखला, वाहनाचा परवाना, जिल्हाप्रवेशाची परवानगी अशा कागदांवर एका कुटुंबाचा प्रवास अवलंबून राहिला. प्रत्येक कागद हा एक दरवाजा असतो आणि प्रत्येक दरवाजावर कोणीतरी उभा असतो. राज्यात अनेक ठिकाणी बनावट ई-पास करून देणारे दलाल पोलिसांनी पकडले, यात म्हणूनच नवल नाही. अशा किरकोळ लाचेचा रोगनियंत्रणावरील परिणाम मात्र किरकोळ नसतो. पैसे देऊन तपासणी चुकविलेला प्रवासी नोंदीबाहेर राहतो, त्याचे निकटसंपर्क शोधता येत नाहीत, आणि ज्यास पैसे देता येत नाहीत तो आडवाटेने येतो व त्याचीही नोंद होत नाही.

तातडीची खरेदी : साथीतील मोठा भ्रष्टाचार खरेदीत संभवतो आणि त्याची वाट कायद्यातूनच जाते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या पन्नासाव्या कलमान्वये राष्ट्रीय, राज्य वा जिल्हा प्राधिकरणास तातडीच्या खरेदीची मुभा देता येते. अशा वेळी निविदा मागविण्याची नेहमीची पद्धती माफ झाली असे समजले जाते आणि प्राधिकृत अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हेच हिशेबासाठी वैध प्रमाणक ठरते. जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी व सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचा अध्यक्ष असतो. ही तरतूद अनावश्यक आहे असे म्हणता येणार नाही. प्राणवायूअभावी माणसे मरत असता एकवीस दिवसांची निविदा काढणे हा कर्तव्यच्युतीचाच प्रकार होईल. दोष आहे तो दुसऱ्या बाजूस. निविदा माफ करणारे कलम तपशीलवार आहे, परंतु खरेदीनंतर दर, गुणवत्ता व पुरवठा यांची जाहीर तपासणी केव्हा व कोणी करावी, याविषयी अधिनियम जवळजवळ मौन पाळतो. आपत्तीतील निधी वा सामग्रीच्या अपहाराबद्दल त्रेपन्नाव्या कलमात दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पण अपहार उघडकीस येण्यास हिशेब पाहावयास मिळाले पाहिजेत.

ते नेहमी मिळतातच असे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मुंबई महानगरपालिकेच्या सु. १२,००० कोटी रुपयांच्या कामांचे विशेष लेखापरीक्षण केले व त्याचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळापुढे आला. त्यांपैकी सु. ३,५०० कोटी रुपयांच्या कोव्हिडविषयक खर्चाची कागदपत्रे साथरोग अधिनियमाचा आधार घेऊन महापालिकेने दिली नाहीत. प्लेगच्या काळात अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण देण्यासाठी केलेला कायदा सव्वाशे वर्षांनी हिशेबापासून संरक्षण मिळविण्यासाठी पुढे केला जावा, हा त्या कायद्याच्या इतिहासातील एक विलक्षण टप्पा होय.

गुणवत्तेचा प्रश्न मराठवाड्यात जीवरक्षक श्वसनयंत्रांच्या निमित्ताने पुढे आला. केंद्र शासनाकडून आलेल्या १५० यंत्रांपैकी वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचा अहवाल औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने दिला व मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची दखल घेतली. केंद्राने हा दोष वापरणाऱ्यांच्या अपुऱ्या प्रशिक्षणाचा असल्याचे सुचविले. येथे लाचलुचपत सिद्ध झालेली नाही. तथापि खरेदी घाईत होते, चाचणी कागदावर राहते आणि सदोष वस्तूची जबाबदारी पुरवठादार, खरेदीदार व वापरणारा यांच्यात फिरत राहते, हा क्रम भ्रष्ट व प्रामाणिक अशा दोन्ही खरेदींत सारखाच दिसतो. म्हणूनच त्या दोहोंतील भेद पुढे ओळखता येत नाही.

टंचाई व काळा बाजार : एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिर या औषधासाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल झालेल्यांना हे औषध न देण्याची सशर्त शिफारस नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती. तरीही चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. वैद्यकीय शंका, लोकांची भीती व साठेबाजांचा लाभ यांतून तयार झालेली ही मागणी होती. खाजगी रुग्णालयांचे दर शासनाने मे २०२० मध्ये ठरवून दिले होते (साध्या कक्षासाठी दररोज ४,००० रु., अतिदक्षता विभागात ७,५०० रु. आणि श्वसनयंत्रासह ९,००० रु.), पण औषधे, तपासण्या इ. बाबी त्यांबाहेर राहिल्याने देयके फुगविण्यास वाव उरला. बीडच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबाच्या दृष्टीने अशा देयकाचा अर्थ पुढील हंगामाची उचल असा होतो. रुग्ण वाचो वा न वाचो, कोयता मुकादमाकडे आधीच गहाण पडतो.

लसीकरणही यातून सुटले नाही. कांदिवली (मुंबई) येथील एका गृहसंकुलात ३० मे २०२१ रोजी सु. ३९० रहिवाशांना पैसे घेऊन बनावट लस टोचण्यात आली. अशा प्रकाराने फसवणूक झालेल्यांपेक्षाही मोठी हानी होते ती खऱ्या लसीवरील विश्वासाची. आणि जेथे आरोग्यसेविकेच्या शब्दावरच गाव लस घेते, तेथे ती हानी भरून काढण्यास वेळ लागतो.

नोकरभरती : साथीत आरोग्यव्यवस्थेचा कणा म्हणजे कर्मचारी. बीड जिल्ह्याचा या प्रकरणाशी आलेला सर्वांत थेट संबंध भरतीतील गैरव्यवहाराचा आहे. आरोग्य विभागाच्या गट क व गट ड मधील सहा हजारांहून अधिक पदांसाठी २४ व ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी परीक्षा झाल्या. प्रश्नपत्रिका आधीच फुटल्याचे पुणे सायबर पोलिसांच्या तपासात निष्पन्न झाले. अटक झालेल्यांत आरोग्य विभागाचा एक सहसंचालक, लातूर येथील उपसंचालक कार्यालयातील एक अधिकारी, तसेच अंबाजोगाई व बीड येथील आरोग्यसेवेतील काही व्यक्ती होत्या. ज्यांच्याकडे प्रश्नपत्रिकेचे रक्षण होते त्यांच्याकडूनच ती बाहेर पडली, असा पोलिसांचा आरोप होता. पुढे या परीक्षा रद्द झाल्या आणि नवी भरती २०२३ मध्ये करावी लागली.

या विलंबाची किंमत कोणी दिली हे पाहणे उद्बोधक आहे. पदे रिकामी असल्याने साथीत कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ व कक्षसेवक नेमले गेले होते. लाट ओसरताच त्यांना कमी करण्यात येऊ लागले. कायम नियुक्तीची मागणी करणाऱ्या अशा कर्मचाऱ्यांवर जून २०२१ मध्ये, उपमुख्यमंत्र्यांच्या दौऱ्याच्या वेळी, बीड येथे पोलिसांनी लाठीमार केला. एका बाजूस मृतदेह गुंडाळण्याचे काम केलेला कंत्राटी कर्मचारी बाहेर पडतो आणि दुसऱ्या बाजूस त्याच पदाचा सौदा होतो. विकत घेतलेल्या पदावर बसणारा मनुष्य दिलेली रक्कम वसूल करू पाहणार, हा या व्यवहाराचा पुढचा भाग. आणि त्याची वसुली होते ती प्राथमिक आरोग्यकेंद्रात येणाऱ्या रुग्णांकडून.

मृत्यूंची नोंद : २५ एप्रिल २०२१ रोजी अंबाजोगाई येथील रुग्णालयातून २२ कोव्हिड-मृतांचे देह एकाच रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानभूमीत नेण्यात आले. या घटनेची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. महाविद्यालयाकडे दोनच वाहने होती व अधिक वाहनांची मागणी आधीच केली होती, असा खुलासा अधिष्ठात्यांनी केला. ही घटना भ्रष्टाचाराची नव्हे, तर साधनांच्या अभावाची होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु अशा गर्दीत मृत्यूची नोंद, कारण व ओळख यांची काळजी कितपत घेतली जात असेल, हा प्रश्न तिने उपस्थित केला.

या प्रश्नास लवकरच आर्थिक महत्त्व आले. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या निर्णयानुसार कोव्हिडने मृत झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रु. सानुग्रह साहाय्य ठरविण्यात आले. आता मृत्यूच्या दाखल्यास किंमत आली. पहिल्या महिन्यांत ज्या मृत्यूंची नोंद प्रतिष्ठेखातर वा ढिलाईने टळली होती, त्यांच्या विधवा कागदांसाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवू लागल्या. दुसरीकडे खोटे दावेही दाखल होऊ लागले. अशा दाव्यांपैकी पाच टक्क्यांची छाननी करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये आंध्र प्रदेश, गुजरात, केरळ व महाराष्ट्र या चार राज्यांत अनुमती दिली. अंबाजोगाई तालुक्यात तर डिसेंबर २०२१ मध्ये पडताळणीसाठी आलेल्या मृतांच्या यादीत अनेक हयात व्यक्तींची नावे निघाली. ही तांत्रिक चूक असल्याचे सांगण्यात आले. ते खरे मानले तरी यादीची विश्वसनीयता त्यामुळे वाढत नाही. जिवंतांची नावे ज्या यादीत शिरतात तिच्यातून मृतांची नावे गळणेही शक्य असते, आणि ऊसतोडीच्या फडावर वा परतीच्या वाटेवर मृत्यू आलेल्या मजुराचे नाव प्रथम गळते. त्याच्याजवळ ना चाचणीचा अहवाल असतो, ना रुग्णालयाचे कागद.

अन्यत्र आलेले अनुभव : असा अनुभव केवळ महाराष्ट्राचाच आहे असे नाही. सिएरा लिओन या देशात २०१४ मधील एबोलाच्या साथीत पहिल्या सहा महिन्यांत खर्च झालेल्या निधीपैकी सु. ३० टक्के रकमेचा समाधानकारक हिशेब नसल्याचे तेथील लेखापरीक्षकांनी नोंदविले. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस व रेड क्रेसेंट महासंघानेही एबोलाविषयक कार्यात ६० लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम गैरव्यवहारात गेल्याचे २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केले. सिएरा लिओनचे वैशिष्ट्य हे, की लेखापरीक्षण साथ चालू असतानाच केले गेले व प्रसिद्ध झाले.

उपाय : लाचलुचपत प्रतिबंधक विभाग महाराष्ट्रात १९५७ पासून आहे, आणि लोक आयुक्ताची संस्था स्थापन करणारे हे देशातील पहिले राज्य होय (१९७१ चा अधिनियम). दोन्ही यंत्रणा तक्रार आल्यावर हालतात. साथीत तक्रारदारच भयग्रस्त वा शोकग्रस्त असतो. म्हणून खरेदीच्या रचनेतच बंधने घालणे अधिक उपयुक्त ठरते. या बाबतीत तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाचे उदाहरण दिले जाते. १९९५ पासून कार्यरत असलेले हे महामंडळ राज्यासाठी एकत्रित दरकरार करते, जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतःची गोदामे ठेवते व प्रत्येक रुग्णालयास त्याच्या वाट्याच्या औषधांचे पासबुक देते. गोदामात आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून, केवळ सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळेकडे जातात. त्यामुळे कोणाचे औषध आपण तपासीत आहोत, हे तपासणाऱ्यास कळत नाही. महाराष्ट्रात ही खरेदी २०१७ पासून हाफकिन जीव-औषधनिर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली होती. तीतील विलंबाविषयी तक्रारी वाढल्यानंतर २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियमान्वये राज्य वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले.